श्वासाचा पंप (इनहेलर) बंद करा म्हणणाऱ्या फॉरवर्डला उत्तर

"धाप लागणाऱ्यांनो सावधान! पंप हाडं पोकळ करतो, रक्त आटवतो. आजच बंद करा. गव्हाच्या दाण्याएवढा चुना दह्यातून घ्या, वर बीट-गूळ. हाडं आणि रक्त दोन्ही भरून येईल."

यवतमाळातल्या दारव्ह्याकडच्या सगळ्या ग्रुपांतून फिरत हा मेसेज माझ्या आत्यापर्यंत पोचला. पऱ्हाटी-तुराट्यांच्या (कपाशी-तुरीच्या काड्यांच्या) चुलीपुढे जन्म गेला तिचा. बिडीला कधी हात लावला नाही, तरी सीओपीडी, म्हणजे श्वासनलिका अरुंद होऊन कायमची धाप लागणारा फुप्फुसाचा आजार, झाला. आता पंप कपाटात. "हाडं ठिसूय व्हतात म्हनते, काहून घेऊ मंग?"

काही पंपांत सूज कमी करणारं स्टेरॉइड असतं, आणि स्टेरॉइडनं हाडं झिजतात, हे खरं आहे. पण ती मुख्यतः महिनोन्महिने पोटात जाणाऱ्या गोळ्यांनी. पंपातला डोस मायक्रोग्रॅममधला, तोही थेट श्वासनलिकेत जाणारा. शिवाय श्वासनलिका मोकळी करणाऱ्या सल्ब्युटामॉल, टायोट्रोपियमच्या पंपात स्टेरॉइड नसतंच. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या 'टॉर्च' अभ्यासात सीओपीडीचे सहा हजारांवर रुग्ण तीन वर्षं पाहिले गेले. स्टेरॉइडचा पंप घेणाऱ्यांत आणि औषध नसलेला, नुसता दिखाऊ पंप घेणाऱ्यांत हाडं मोडण्याच्या प्रमाणात म्हणावा असा फरक निघाला नाही. न्यूमोनिया मात्र स्टेरॉइडवाल्यांत जास्त दिसला, तेही सांगून टाकतो. मोठ्या डोसचा पंप वर्षानुवर्षं चालू असेल तर हाडांचं डॉक्टरांना विचारा, एवढं मान्य.

पण पंप सोडल्यावर काय होतं? थंडीत धाप उसळते, दवाखाना गाठावा लागतो आणि तिथं प्रेडनिसोलोनच्या, म्हणजे स्टेरॉइडच्याच, गोळ्या सुरू होतात, बहुधा रोज ४० मिलिग्रॅम, पाच दिवस. म्हणजे मायक्रोग्रॅमला भ्यायचं आणि मिलिग्रॅम गिळायचे. असं वर्षातून दोन-तीनदा झालं की हाडांचं नुकसान त्या पंपानं केलं नसतं तेवढं होतं. काही जण तर बाजारातली बिननावाची 'दम्याची पुडी' घेतात. अशा पुड्यांत चोरून घातलेलं स्टेरॉइड सापडलेलं आहे!

हाडं ठिसूळ होण्याची बाकीची कारणं, म्हणजे धूर, बिडी, शरीरातली जुनाट सूज, घटतं वजन, धापेमुळे घरात बसून राहणं, कमी पडणारं ड जीवनसत्त्व, यांतलं एकही मेसेजात नाही. चुना आहे. त्यात कॅल्शियम असतं, ठीक, पण ते दह्यातही असतं, आणि दह्यानं तोंड भाजत नाही. चुन्यानं काय होतं ते खर्रा (सुपारी-तंबाखू-चुना) खाणाऱ्याच्या गालाला विचारा.

रक्ताचं थोडक्यात. पंपानं रक्त आटत नाही. जुनाट आजारात शरीर लोह अडकवून ठेवतं, ते बीट-गुळानं सुटत नाही. उलट, प्राणवायू कमी पडला की काहींचं हिमोग्लोबिन वाढतं. म्हणून आधी तपासा: बाईचं १२ च्या खाली, पुरुषाचं १३ च्या खाली असेल तर कमी. आणि आपल्या विदर्भात सिकलसेलची (रक्तपेशींच्या आनुवंशिक आजाराची) तपासणी केल्याशिवाय लोहाच्या गोळ्या मनानं सुरू करू नका.