गोळी परस्पर बंद करू नका
दात काढायच्या आधी ५-७ दिवस रक्त पातळ करायची गोळी बंद ठेवा असं काही ठिकाणी सरसकट लिहिलेलं असतं, ते मला पटत नाही. माझ्या वडिलांना हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट (ती उघडी ठेवणारी जाळीची नळी) टाकून चारच महिने झाले होते, अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल या रक्त पातळ करायच्या दोन्ही गोळ्या चालू, आणि दाढ काढायची वेळ आली. कार्डिओलॉजिस्टना (हृदयाच्या डॉक्टरांना) फोन केला तर ते जवळजवळ ओरडलेच, एकही गोळी चुकवायची नाही, स्टेंटमध्ये गुठळी झाली तर काय कराल! मग डेंटिस्टनी गोळ्या चालू ठेवूनच दाढ काढली, टाके घातले, कापसाचा बोळा अर्धा तास दाबून धरायला लावला. संध्याकाळपर्यंत थुंकीत थोडं लाल दिसत होतं, आई उगाच घाबरली, बस्स.

जबड्याचं मोठं ऑपरेशन असेल तर गोष्ट वेगळी, पण तिथेही हृदयाच्या डॉक्टरांना विचारूनच ठरवतात ना?