आजी जिवंत आहे, फक्त यादीत नाही

20 नोव्हेंबर 2024, विधानसभेचं मतदान. सकाळी साडेसातलाच आजीला रिक्षात घालून पंचवटीतल्या शाळेत नेलं. वय 85. घरी येऊन मत घेतात, अर्ज भरू म्हटलं तर ऐकेचना. मतदान कार्ड रुमालात गुंडाळून कनवटीला लावलेलं.

यादीवर पट्टी फिरवून आतला माणूस म्हणाला, "आजींचं नाव कमी झालंय. मयत दाखवलंय."

अरे, ती समोर उभी आहे! काठी टेकत, तुझ्याकडे बघत! आणि त्याच पानावर आजोबांचं नाव फोटोसकट शाबूत. ते 2022 साली गेले. त्यांचं नाव काढायला 7 नंबरचा फॉर्म मीच भरला होता, मृत्यूचा दाखला जोडून. मेलेला माणूस ठेवला आणि जिवंत बाई खोडली! नाव काढण्याआधी घरी येऊन खात्री करायची असते ना? आमच्या दारात कुत्रंही फिरकलं नाही. नोटीस नाही, फोन नाही.

ही बाई कोण आहे, कळतंय का तुम्हाला? 1 मे 1960 ला महाराष्ट्र झाला. त्यासाठी शंभरावर माणसांनी जीव दिला. या राज्याची पहिली विधानसभा निवडणूक फेब्रुवारी 1962 मध्ये झाली, तेव्हा 264 जागा होत्या. मतदानाचं वय 21, आजी 23 वर्षांची. लोकसभा आणि विधानसभा एकाच वेळी, दोन मतपत्रिका. आधी प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी असायची, चिन्हापुढे शिक्का मारायचं ते तेव्हा नवीन. चुकायला नको म्हणून तिने चुलीपाशी बसून काजळीत बोट बुडवून जुन्या कागदावर सराव केला होता. मत कोणाला दिलं, ते आजोबांनाही कधी सांगितलं नाही.

तेव्हापासून एकच मतदान हुकलं, तेही तिच्यामुळे नाही. यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री होऊन दिल्लीला गेले, लोकसभेत जायला नाशिकमधून उभे राहिले आणि 1963 ची ती पोटनिवडणूक बिनविरोध झाली. मतदानच झालं नाही. त्याची चुटपुट ती अजून बोलून दाखवते.

आणि आता हे. मी आवाज चढवला तर मलाच म्हणे, "रांग अडवू नका." मागचे लोकही चुकचुकत घड्याळाकडे बघत होते. मग सल्ला आला, "पुढच्या वेळी बघा." पुढची विधानसभा 2029 ला! तेव्हा ती नव्वदीची असेल!

आजी काही बोलली नाही. शाई लावायच्या टेबलापुढे डावा हात तसाच पुढे धरून उभी राहिली. मीच तो हात खाली घेतला.

दुसऱ्या दिवशी चौकशीला गेलो तर 6 नंबरचा फॉर्म हातात दिला. नवीन मतदार नोंदणीचा! अठरा वर्षांची पोरं भरतात तो. वर विचारतात, "आजींच्या वयाचा पुरावा आहे का?"