नव्या नगराध्यक्षांनी गाव कुशल कसं करावं

अभिनंदन! प्रशासकाच्या राजवटीत कित्येक वर्षं कुलूपबंद असलेलं अध्यक्षांचं दालन एकदाचं उघडलं आणि त्यात तुम्ही बसलात. गुलाल धुऊन झाला, हार सुकले, आता जाहीरनामा काढून बघायची वेळ आली. (अध्यक्षपदी ताई असतील तर हा लेख अध्यक्षपतींनी वाचावा. बाकीच्या फायलीही तेच वाचतात.)

जाहीरनाम्यात 'स्थानिकांना स्थानिक रोजगार' अशी एक ओळ आहे. ती वाचून घाम फुटला असेल तर पुसून टाका. पाणी, गटार, रस्ता ही आश्वासनं खरी धोक्याची, कारण लोक नळ उघडून बघतात. रोजगाराचं तसं नाही. तो द्यायचा नसतोच, त्यासाठी लागणारं कौशल्य तेवढं द्यायचं असतं. कौशल्य दिलं, प्रमाणपत्र दिलं, फोटो काढला, की तुमचं काम संपलं. त्यानंतरही पोरगा पारावरच बसला, तर खोट कुणात आहे ते गावाला आपोआप कळतं.

तेव्हा लवकरात लवकर सर्वसाधारण सभेत 'नगर कौशल्य विकास आराखडा' आणा. विषयपत्रिकेत तो अगदी खाली ठेवा. तोवर सगळ्यांचं लक्ष जेवणाकडे गेलेलं असतं आणि ठराव सर्वानुमते होतो. प्रस्तावनेत नगरपालिकांना घटनेत स्थान देणाऱ्या 74व्या घटनादुरुस्तीचा उल्लेख हवाच. बाराव्या अनुसूचीतल्या 18 विषयांत नागरी दारिद्र्य निर्मूलन आहे, हे वाक्य कुठल्याही आराखड्याला शोभून दिसतं आणि त्याला विरोध करायची कुणाची छाती होत नाही.

उद्दिष्ट मोठं धरा. इथे थेट देशाचा आदर्श डोळ्यांपुढे ठेवता येईल. 2009 च्या राष्ट्रीय धोरणात 2022 पर्यंत 50 कोटी लोकांना कुशल करायचं ठरलं होतं. 2015 मध्ये 'स्किल इंडिया' आलं, तेव्हा त्याच 2022 साठी आकडा झाला 40 कोटी. मधल्या सहा वर्षांत 10 कोटी माणसं कुठे गेली, ते कुणी विचारलं नाही. मग 2022 आलं आणि गेलं, तेव्हाही कुणी विचारलं नाही. तुमची क वर्ग नगरपरिषद, लोकसंख्या तीस-पस्तीस हजार. बिनधास्त दहा हजार तरुण कुशल करू म्हणा. गावात तेवढे तरुणच नाहीत, अशी शंका मुख्याधिकारी काढतील. काढू द्या, त्यांची बदली होणारच आहे.

आता सर्वेक्षण. गावात कामं कोणती आहेत आणि माणसं कोणत्या कामाला मिळत नाहीत, हे स्वतः फिरून बघण्याच्या भानगडीत पडू नका. त्यासाठी सल्लागार एजन्सी नेमावी. ती रंगीत आलेखांचा जाडजूड अहवाल देते. त्यात एखाद्या पानावर दुसऱ्याच नगरपरिषदेचं नाव तसंच राहून गेलेलं असेल, तर ते पान उलटून पुढे जायचं.

फिरलात तर काय होतं ते सांगतो. एसटी स्टँडच्या मागे मोटार रिवाइंडिंगचं दुकान असतं. एप्रिल लागला की दुकानाबाहेर बोअरच्या जळलेल्या मोटारींची रांग लागते आणि शेतकरी रोज फोन करून 'झाली का?' विचारतो. आत मालक उकिडवा बसून तांब्याच्या तारेचे वेढे मोजत असतो. मोजता मोजता बोलायचं नसतं, चुकलं की मोटार परत जळते. त्याला हाताखाली पोरगा हवाय. मिळत नाही, कारण हात बसायला सहा-आठ महिने जातात आणि तेवढा काळ तो पोराला चहापाण्यापलीकडे काही देऊ शकत नाही. हे बघून तुमच्यासारख्या भल्या माणसाच्या मनात येईल, की नगरपरिषदेनेच त्या पोराला तेवढे महिने विद्यावेतन दिलं तर? सावध व्हा! त्या दुकानात मांडव घालायला जागा नाही. फीत कापायला दार नाही, नुसतं शटर आहे. शिवाय पोरगा एकच. एका पोराचा फ्लेक्स लावणार का?

त्यापेक्षा शिवणकाम. महिला व बालकल्याणाचा 5 टक्के निधी मार्चपर्यंत खर्च करायचा असतोच आणि त्यातून शिलाई मशीन वाटण्याइतकी निर्वेध गोष्ट लोकशाहीत दुसरी नाही. मशीनवर तुमच्या फोटोचा स्टिकर चाकाच्या बाजूला न लावता समोर लावा, चाकाच्या बाजूचा घासून जातो. वाटपाच्या दिवशी सगळ्या मशीन एका रांगेत, पांढऱ्या कापडाखाली. गावात आता सगळे तयार कपडे घालतात, एकेका गल्लीत सात-आठ मशीन आणि फॉल-पिकोला साडी एक, ही रड ऐकू येईल. तिकडे लक्ष देऊ नका. सरकारी अभ्यासक्रमांच्या यादीत एका कामाचं नावच 'सेल्फ एम्प्लॉइड टेलर' आहे. या नावाला माझा मनापासून नमस्कार. नोकरी नाही हे पदनामातच सांगून टाकलंय, आणि बाई घरी मशीनपुढे बसली की 'स्वयंरोजगार' या रकान्यात बरोबरची खूण होते. मशीन चालते की तिच्यावर टीव्ही ठेवलाय, हे विचारणारा रकाना कुठे असतो?

प्रशिक्षण केंद्राला जागा शोधायला नको. पट घसरून नगरपरिषदेच्या शाळेचे वर्ग रिकामे पडलेच आहेत. जिथे मुलांना अक्षरओळख द्यायची राहिली तिथेच त्यांना पुढे 'सॉफ्ट स्किल' देता येतं. तेव्हा भिंतीवरचे पाढे पुसून रंग द्या, दाराशी अंगठ्याचं मशीन बसवा. ते हजेरी घेण्यासाठी असतं, शिक्षकाच्या हजेरीचा त्याच्याशी संबंध लावू नये. टी-शर्ट मात्र पहिल्याच दिवशी वाटा. टी-शर्ट मिळाल्यावर किती जण परत आले, हा प्रश्न पत्रकार विचारतील असं वाटलं तर दुसऱ्या आठवड्यात टोपी वाटा.

यादीत 'रिटेल सेल्स असोसिएट' आणि 'कस्टमर केअर एक्झिक्युटिव्ह' असू द्या. गावात मॉल नाही, कॉल सेंटर नाही, हे खरं. पण पुण्यात आहे. म्हणजे नगरपरिषदेच्या पैशातून चाकण-हिंजवडीला माणसं पुरवायची आणि त्याला स्थानिक रोजगार म्हणायचं. यात गैर काही नाही, सरकारी व्याख्याच तशी ऐसपैस आहे. उद्योगांत पर्यवेक्षकाच्या जागांवर 50 टक्के आणि बाकी जागांवर 80 टक्के स्थानिक हवेत, असा 2008 चा शासन निर्णय आहे. तिथे स्थानिक म्हणजे महाराष्ट्रात 15 वर्षं राहिलेला. अहेरीचा पोरगा रांजणगावात स्थानिक, सावंतवाडीचा वाळूजमध्ये स्थानिक. तुमच्या वॉर्ड क्रमांक चारमधला तरुण तर सबंध राज्यात स्थानिक आहे, फक्त वॉर्ड क्रमांक चारमध्ये त्याला काम नाही.

जे लोक आधीच कुशल आहेत त्यांचं काय करायचं? त्यांच्यासाठीही सोय आहे. येत असलेल्या कामाची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याची योजना सरकारने केलेली आहे. त्यामुळे ज्या गवंड्याने गावातले निम्मे वाडे पाडून त्यावर बंगले बांधले, त्याला बोलावून घ्या, ओळंबा कसा धरतात ते त्याला तीस वर्षांनी लहान प्रशिक्षकाकडून समजावून सांगा आणि 'असिस्टंट' गवंड्याचं प्रमाणपत्र देऊन टाका. त्या दिवसाची त्याची मजुरी बुडेल. प्रमाणपत्र लॅमिनेट करून द्या, म्हणजे त्याला वाईट वाटणार नाही.

आता एका नाजूक जागेकडे येतो, इथे नवे अध्यक्ष हमखास घसरतात. कुणीतरी आगाऊ सदस्य सभेत उठून विचारेल, "अध्यक्षमहोदय, गावात सगळ्यात जास्त रिकाम्या जागा कुठे आहेत? आपल्याच इमारतीत ना?" आकृतिबंध, म्हणजे मंजूर पदांचा तक्ता, काढून बघाल तर तो बरोबर बोलतोय हे कळेल, म्हणून काढू नका.

उदाहरणार्थ तुमचा व्हॉल्व्हमन. पहाटे सायकलला लोखंडी चावी अडकवून निघतो. कुठल्या गल्लीत कुठल्या चेंबरमध्ये व्हॉल्व्ह आहे, कोणता साडेतीन आटे फिरवायचा आणि कोणता चौथ्याला तुटतो, कोणत्या आळीला आधी पाणी सोडलं तर टेकावरच्या वस्तीत पोचत नाही, हे सगळं त्याच्या डोक्यात आहे. कागदावर नाही. पाणीपुरवठा विभागात जो नकाशा आहे त्यात निम्म्या लाइनी नाहीत, आणि आहेत त्यातल्या काही जमिनीत नाहीत. गावातल्या सगळ्या पदवीधरांपेक्षा मोठं स्थानिक कौशल्य या एका माणसाकडे आहे. त्याच्या पिढीतल्या निम्म्या लोकांप्रमाणे शाळेत नाव घालताना गुरुजींनी त्याचीही जन्मतारीख 1 जून लिहिली, त्यामुळे येत्या 31 मे रोजी, ऐन टंचाईत, तो निवृत्त होतोय.

दोन पोरं वर्षभर त्याच्यामागे फिरवावीत आणि नकाशा करून घ्यावा, अशी सूचना येईल. हसून सोडून द्या. व्हॉल्व्हमनच्या मागे फिरणं हा अभ्यासक्रम कुठल्याच यादीत नाही, आणि शिकवणारा स्वतः आठवी नापास. त्याला प्रशिक्षक म्हणून मानधन कुठल्या लेखाशीर्षाखाली देणार? लेखापरीक्षक विचारतील. त्याऐवजी शाल, श्रीफळ आणि आठवणीने एक फोटो.

पोरं कार्यालयात घेतलीच नाहीत असंही नाही. 2024 च्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत बारावीवाल्यांना 6 हजार, आयटीआय-पदविकावाल्यांना 8 हजार आणि पदवीधरांना 10 हजार रुपये विद्यावेतनावर पोरं सरकारी कार्यालयांमध्ये आलीच होती. आधी सहा महिने, मग पाच वाढवून अकरा. तुमच्याकडेही काही जण आवक-जावकच्या टेबलावर बसले. घरपट्टीच्या मागणी बिलांवर शिक्के मारायला शिकले, झेरॉक्सचं मशीन अडकलं की मागचं झाकण कसं काढायचं ते शिकले आणि पाणीपुरवठ्याची तक्रार कुणाकडे पाठवल्यावर परत येत नाही तेही शिकले. मुदत संपल्यावर घरी गेले. त्यांच्यातले काही 'आम्हाला कायम करा' म्हणत मोर्चाला निघाले, तेव्हा राज्य सरकारवर त्यांना आठवण करून द्यायची वेळ आली की हे प्रशिक्षण होतं, नोकरी नव्हे. नोकरी शिकायला मिळणं आणि नोकरी मिळणं यांत किती अंतर आहे, याचं प्रात्यक्षिक पोरांना घरबसल्या मिळालं असतं का?

राहिली व्हॉल्व्हमनची रिकामी जागा. ती भरतीने भरू नका, वेळ लागतो आणि गावातल्याच चार घरांशी वाईटपणा येतो. मनुष्यबळ पुरवठ्याची निविदा काढा. ठेकेदार जिल्ह्याच्या गावचा असेल, माणूस तो आणेल तो असेल, आणि पहिले दोन महिने त्याला चावी कुठे बसते ते लोक गल्लीगल्लीत दाखवतील. हाही एक प्रकारे लोकसहभागच. निविदेत 'संबंधित कामाचा किमान 3 वर्षांचा अनुभव' ही अट विसरू नका. तुमच्याच केंद्रातून प्लंबिंगचं प्रमाणपत्र घेतलेली पोरं अर्ज घेऊन येतील आणि या अटीत बसणार नाहीत. त्यांना हाकलू मात्र नका, मतदार आहेत.

त्यांच्यासाठी प्रगत प्रशिक्षणाची दुसरी बॅच जाहीर करा. फॉर्म सोमवारपासून खिडकी क्रमांक दोनवर. सोबत दोन फोटो, आधारची झेरॉक्स, रहिवासी दाखला. आणि चालू वर्षाची पाणीपट्टी भरल्याची पावती सक्तीची करा, नळाला पाणी येवो न येवो.