पाणी मॅग्माचंच असतं असं नाही

‘थंड होत जाणाऱ्या मॅग्मातून सुटलेल्या गरम पाण्यातून फ्लोराइटच्या शिरा तयार होतात’ हे फ्लोराइटवरच्या लेखातलं वाक्य खटकलं. (मॅग्मा म्हणजे जमिनीखालचा वितळलेला खडक. फ्लोराइट म्हणजे कॅल्शियम आणि फ्लोरिनचं खनिज, ते खडकांच्या भेगांत साचून शिरा बनतात.) काही ठिकाणी ते खरं आहे, पण सरसकट नाही. इंग्लंडच्या उत्तर पेनाइन्स या डोंगराळ भागात या शिरांखाली ग्रॅनाइट, म्हणजे मॅग्मा थिजून बनलेला खडक, असणार असा अंदाज होताच. १९६०-६१ मध्ये तिथल्या रुकहोप गावी बोअर घेतल्यावर तो सापडलाही, पण त्याचा माथा झिजलेला आणि त्यावर कार्बोनिफेरस काळाचे (सुमारे ३६ ते ३० कोटी वर्षांपूर्वीचे) थर बसलेले! म्हणजे ज्या खडकांत या शिरा आहेत, ते तयार होण्याआधीच ग्रॅनाइट थंड होऊन उघडा पडला होता. मग त्याच्या मॅग्मातलं पाणी या शिरांत येणार कुठून?

शिवाय दोन पाणी मिसळण्याचा लेखात उल्लेखच नाही. कॅल्शियम आणि फ्लोराइड एकाच पाण्यात भरपूर प्रमाणात विरघळून राहत नाहीत. फ्लोराइडयुक्त पाणी भेगेत कॅल्शियमयुक्त खाऱ्या पाण्याला किंवा चुनखडीला भेटलं, की फ्लोराइट खाली बसतं. स्फटिकात अडकलेल्या द्रवाचे सूक्ष्म थेंब मी सूक्ष्मदर्शकाखाली तापवून पाहिले आहेत. आतला बुडबुडा आक्रसत जातो आणि एका क्षणी नाहीसा होतो. त्या क्षणीच्या तापमानावरून स्फटिक बनताना पाणी किमान किती गरम होतं याचा अंदाज येतो. अनेक शिरांमध्ये हे १०० ते २०० अंश सेल्सिअसदरम्यान घडतं, मॅग्माच्या तापमानापेक्षा कितीतरी खाली.