भावा, शर्यत लावायचीच असंल तर

पडद्यावरची शर्यत बघून मनगट शिवशिवत असंल तर आधी टँकरभर पाणी मागव. रात्रीच्या सीनला सिनेमावाले रस्ता भिजवून घेतात, म्हणजे दिव्यांचा उजेड पडून डांबर चमकतं. आपल्याकडं हे काम पावसाळा फुकटात करतो. फक्त खड्डेही भरून ठेवतो. कुठला बोटभर न् कुठला गुडघाभर, ते चाक आत गेल्यावर कळतं.

शूटिंगला रस्ता दोन्हीकडून बंद असतो. समोरून अंगावर येणारा ट्रकसुद्धा पगारी. तू आपल्या कोल्हापुरात तावडे हॉटेलापुढं हायवेला लागलास, की गळीत हंगामात तुझ्यापुढं ऊस भरलेला ट्रॅक्टर असणार. मागं दोन ट्रॉल्या, लाल दिवा गायब, ऊस हातभर बाहेर आलेला, आणि टेप इतका मोठा की तुझा हॉर्न त्याच्या बापाला ऐकू जायचा नाही. ताशी १०० किलोमीटरला गाडी सेकंदाला जवळजवळ २८ मीटर जाते. ‘अरे ट्रॉली!’ म्हणेस्तोवर एवढं अंतर गेलं, ब्रेक अजून लागायचाच आहे. गाडी थांबेस्तोवर जेवढं अंतर जातं, तेवढं लांबचं डिपरच्या उजेडात दिसत नाही, पण हिरोला कुठं दिसत असतं?

हिरो गिअरवर गिअर टाकत राहतो. तुझ्या गाडीला पाचच आहेत, तेव्हा दहावा शोधत पाय झाडू नकोस. ते नायट्रसचं बटणही विसर. तो वायू इंजिनात जादा ऑक्सिजन सोडतो, मग जादा पेट्रोल जळतं, आणि त्यासाठी न बांधलेल्या इंजिनाचा पिस्टनच वितळू शकतो. हप्ते मात्र चालू राहतात. त्यापेक्षा सायलेन्सर कापून घे. वेग वाढत नाही, पण राजारामपुरीतली म्हातारी माणसं उठून बसतात आणि पोलिसांना गाडी शोधत फिरावं लागत नाही. जप्त सायलेन्सरवर रोडरोलर फिरतो, फोटो छापून येतो. एवढी प्रसिद्धी रीलला कुठली मिळायला!

आता कायदा. सिनेमात हिरोला बाप नसतो, असला तर हार घातलेल्या फोटोत. तुझा जिवंत आहे, आणि आरसी बुकावर त्याचंच नाव आहे. परवानगीशिवाय शर्यत लावली तर मोटार वाहन कायद्याचं कलम १८९: पहिल्यांदा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आणि तू अठराच्या आत असलास तर २०१९च्या दुरुस्तीनं बापाचीही सोय केलीय: तीन वर्षांपर्यंत कैद, २५,००० दंड, गाडीची नोंदणी वर्षभर रद्द. तुला लायसन्स पंचविशीनंतर. तोवर केएमटीच्या बसनं फिर.

कोल्हापुराजवळ कार्टिंगचा रीतसर ट्रॅक आहे. तिकडं चुकूनही जाऊ नकोस. हेल्मेट घालायला लावतात, समोरून कुणी येत नाही, आणि हरलास तर किती सेकंदांनी हरलास ते घड्याळ सगळ्यांदेखत सांगतं. हायवेवर निदान ‘ट्रॅक्टर आडवा आला रे’ म्हणता येतं.