'अनुभव: नाही' असं लिहू नका रे पोरांनो

काल पावसहून भाची आली होती, टीवायबीकॉमला आहे, म्हणाली मावशी जरा बायोडाटा बघ ना. बघितला तर खाली ठळक अक्षरात 'अनुभव: नाही'. खरंच वाईट वाटलं मला. ही पोरगी गेले दोन सीझन परीक्षा सांभाळून बापाच्या आंब्याचा सगळा हिशोब बघते, वाशीला कुठल्या दलालाकडे किती पेट्या गेल्या, त्यात चार डझनी किती, सहा डझनी किती, मग पट्टी, म्हणजे दलालाचा विक्रीच्या हिशोबाचा कागद, आली की भाव, हमाली, गाडीभाडं सगळं वहीशी ताडून बघायचं आणि फरक दिसला की सरळ फोन लावायचा. गेल्या मे महिन्यात एका पट्टीत तीन पेट्या कमी धरलेल्या तिनेच पकडल्या, बापाच्या लक्षात पण आलं नव्हतं. मग हा अनुभव नाही तर काय?

आपल्याकडे हे असंच आहे. कोणी तारकर्लीला काकाच्या होमस्टेचे बुकिंग घेतो, कोणी गणपतीच्या शाळेत, म्हणजे मूर्तींच्या कारखान्यात, आषाढापासून रंगाला बसतो, पण ते 'घरचं काम' म्हणून कोण धरतच नाही, आणि पोरं पण मान खाली घालून सांगतात, काही केलं नाही म्हणून.

मी रत्नागिरीत अकाउंट्सचं काम करते. शिकत होते तेव्हा पहिल्याच ठिकाणी ऐकलं, आधी अनुभव घेऊन या. कुठून आणायचा ते कोणी सांगेना. मग एका एजन्सीने रजिस्ट्रेशनचे ५०० रुपये घेतले, परत फोन नाही. म्हणून सांगते, नोकरीसाठी आधी पैसे मागितले की तिथून उठायचं, पुढचं ऐकायचं पण नाही. त्यापेक्षा अप्रेंटिसशिप बघा. २०२४ मध्ये सरकारची युवा कार्य प्रशिक्षण योजना आली तेव्हा त्यात सुद्धा बारावीवाल्याला महिना ६ हजार, आयटीआय डिप्लोमाला ८, ग्रॅज्युएटला १० हजार विद्यावेतन होतं, म्हणजे शिकता शिकता पैसे मिळतात, द्यावे लागत नाहीत.

रात्री बसून आम्ही ती ओळ खोडली. लिहिलं, 'दोन सीझन आंबा विक्रीचा हिशोब, पट्टीचा ताळमेळ, दलाल आणि ट्रान्सपोर्टवाल्यांशी बोलणी'. ती म्हणे, मावशी लोक हसतील गो. म्हटलं हसूदेत, त्या तीन पेट्यांची गोष्ट सांग त्यांना.

सोमवारी मारुती मंदिरला एका सीएच्या ऑफिसात जाणारे. ती वही पण पिशवीत टाकायला लावली आहे मी.