थव्याला म्होरक्या लागतोच का?

थव्याला पुढारी नसतो, प्रत्येक पक्षी शेजाऱ्यांकडे पाहून उडतो, या माझ्या म्हणण्यावरची आपली प्रतिक्रिया वाचली. चिक्कोडीकडची मेंढरे जशी म्होरक्यामागून चालतात, तसा भोरड्या पक्ष्यांच्या थव्यालाही कोणी पुढारी असलाच पाहिजे, हा आपला एक आक्षेप. आणि संगणकावरचे ठिपके थव्यासारखे फिरले म्हणून पक्षीही त्याच नियमांनी उडतात असे ठरत नाही, हा दुसरा.

दुसरा अधिक वजनदार आहे, म्हणून तो आधी घेतो. शेजाऱ्यावर आदळायचे नाही, त्याच्या दिशेशी दिशा जुळवायची आणि घोळक्यापासून तुटायचे नाही, या तीन नियमांवर संगणकतज्ज्ञ क्रेग रेनॉल्ड्स यांनी १९८७ मध्ये पडद्यावर ठिपके उडवले, तेव्हा थवा घडायला एवढे नियम पुरतात इतकेच कळले. पक्षी खरोखर काय करतात, हे आकाशातच मोजावे लागणार होते. ते काम रोममध्ये झाले. तेथील भौतिकशास्त्रज्ञांनी (पुढे २०२१ चे नोबेल मिळालेले ज्योर्जो पारिसी त्यांच्यात होते) शहरावर घिरट्या घालणाऱ्या युरोपीय मैनांची एकाच क्षणी निरनिराळ्या जागांवरून छायाचित्रे घेऊन एकेका पक्ष्याचे स्थान काढले. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षाने पडद्यावरच्या नियमालाच दुरुस्ती सुचवली. पक्षी ठरावीक अंतरातल्या सगळ्यांशी नव्हे, तर सर्वांत जवळच्या सहा-सात शेजाऱ्यांशी जुळवून घेतो, मग ते हातभर अंतरावर असोत की चार हात. त्यामुळे ससाण्याच्या झडपेने थवा विरळ झाला तरी सहसा तुटत नाही.

आता म्होरक्या. भोरड्या या मैनांच्याच कुळातल्या. अथणीकडे शाळू हुरड्यात आला की माळ्यावर गोफण घेऊन बसणाऱ्या राखणदाराला विचारून पाहा. दगड जिथे पडतो त्या बाजूच्या भोरड्या आधी उठतात, मग तो उठाव कणसांवरून पलीकडच्या बांधापर्यंत सरकत जातो, आणि पुढच्या दगडाला दुसरीच बाजू आधी उठते. पुढारी ठरलेला असता, तर दर वेळी तो दगडापाशीच कसा सापडला असता? जीवशास्त्रज्ञ वेन पॉट्स यांनी १९८४ मध्ये किनाऱ्यावरच्या लहान पाणपक्ष्यांच्या थव्यांचे चित्रण तपासले, तेव्हाही वळण कोणत्याही एका पक्ष्यापासून सुरू होऊन लाटेसारखे पसरताना दिसले. दचकून हालचाल करायला एकट्या पक्ष्याला सुमारे ३८ मिलिसेकंद लागतात, पण ही लाट शेजाऱ्याकडून शेजाऱ्याकडे सुमारे १५ मिलिसेकंदांत जाते, कारण पक्षी ती दुरून येताना पाहून आधीच तयार होतो. (पक्षीनिरीक्षक एडमंड सेलूस यांना १९३१ मध्ये थव्यांची ही एकदम होणारी वळणे म्हणजे मनातून थेट मनात होणारी विचारांची देवाणघेवाण वाटली होती, त्यापेक्षा आपला म्होरक्या पुष्कळच व्यवहारी आहे.)

मेंढरांबद्दल आपले म्हणणे मला मान्य आहे. पक्ष्यांतही लहान थव्यांत असे घडते. २०१० मध्ये दहापर्यंत कबुतरांच्या पाठीवर जीपीएस बसवून पाहिले असता कोणाच्या वळण्यामागून कोण वळते याची उतरंड स्पष्ट दिसली, आणि वरच्या पायरीवरची कबुतरे बहुधा थव्याच्या पुढच्या भागात उडत होती.